पडलेल्याने चेंडू सोडायचा की धरायचा

मी, रग्बीचे लंबगोल चेंडू शिवणारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने आणि हाताने लिहीत आहे. छातीने दगा दिला असला तरी डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिल्यावर थोरल्या सूनबाईंचा चेहरा जरा पडला.

१. साचे. पंधरा जणांच्या रग्बीचा साचा थोरल्या मुलाला, तेरा जणांच्या रग्बीचा धाकट्याला. दोघं तेच खेळ शिकवतात आणि त्यापायीच एकमेकांशी बोलत नाहीत. शिरस्त्राणं घालून चेंडू पुढे फेकणाऱ्यांचा टोकदार साचा आणि पळताना चेंडू जमिनीवर आपटत नेणाऱ्यांचा साचा माझ्या कारागिराला. सगळे खेळ एकाच रग्बीच्या पोटचे. चुली तेवढ्या वेगळ्या झाल्या.

२. घर व दुकान. हे अटीवर देतो. अट कशासाठी, ते आधी लिहितो.

माझा पाठचा भाऊ, ज्याला सगळे बोका म्हणत, तेराच्या संघात खेळायचा. पंधराच्या खेळात खाली पाडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा असतो आणि बाकीचे त्याच्यावरून रेटारेटी करतात. तेराच्या खेळात पडलेल्याने चेंडू धरून ठेवायचा, इतरांनी अंगावरून उठायचं, मग त्याने उभं राहून तो टाचेने मागे सारायचा. दोन संघांनी हौसेने एकत्र सामना ठेवला. मध्यंतरापर्यंत पंधराचे नियम, पुढे तेराचे. मध्यंतर झालं आणि बोका पडला. नियम आता त्याचे होते, म्हणून तो चेंडू पोटाशी धरून लोक उठायची वाट बघत राहिला. समोरचे सवयीने अंगावर येत राहिले. माणसं बाजूला केली तेव्हा त्याची मान मोडलेली होती आणि चेंडू हातातच होता. कोणीही खोटं खेळलं नव्हतं. मला सहन होत नाही ते हेच.

परवा छापखानेवाला थोरल्यासाठी आणलेलं पत्रक चुकून माझ्याच हाती देऊन गेला. वर माझा फोटो, खाली 'स्मृती सामना', मध्यंतरापर्यंत थोरल्याचे नियम, पुढे धाकट्याचे. बोक्याच्या जागेवर धाकट्याचा मुलगा, माझा नातू. तारखेची जागा कोरी, मी जाईपर्यंत.

दोघांना बोलावून घेतलं. कित्येक वर्षांनी ते एका बाकावर बसले.

"बाबा, तुमच्या निमित्ताने तरी आम्ही एकत्र येतोय," थोरला म्हणाला.

"पडलेल्याने चेंडू सोडायचा की धरायचा?" मी विचारलं.

"सोडायचा," थोरला म्हणाला. "धरायचा," धाकटा म्हणाला. दोघं एकदमच बोलले, आणि हसले. असा सामना ठेवू नका, असं मी दोघांना बजावलं.

तरी असा सामना झाला, तर घर-दुकान माझ्या मुलीला जावं, जी दोन्ही खेळांच्या नावाने बोटं मोडते. न झाल्यास दोघा भावांना निम्मं निम्मं.

३. बोक्याच्या हातातला चेंडू कपाटात आहे. माझ्याच हातचा, शिवण अजून पक्की. तो कोणालाही देऊ नये.

खिडकीतून मैदान दिसतं. खांबांना पांढरा रंग देणं चालू आहे. थोरला शिडीवर आहे, धाकट्याने खालून शिडी धरली आहे. असं बघायला मी किती तरसलो होतो.

सही : चेंडू शिवणारा
साक्षीदार : शेजारचा शिंपी
साक्षीदार : छापखानेवाला (सही करताना म्हणाला, "पत्रकं तयार आहेत काका, तुम्ही काळजी करू नका.")
स्थळ : दुकानामागची खोली
तारीख : इथे आजची घातली आहे. पत्रकावरची जागा जोवर मी कोरी ठेवू शकतो, तोवर नातू सुखरूप आहे.