पावणेदोन तासांचं बंगळूर

चि. शेखर यास,

ताईचे आशीर्वाद. तू, वहिनी आणि बाळ खुशाल असाल. नसाल तर पत्राने कळव, फोन मी उचलणार नाय. इथे तुझ्या भावजींचे पाय अजून सुजलेले आहेत, बाकी बरं आहे.

"बंगळूर काय ताई, पावणेदोन तास. मुरबाडहून शहापूरला जायला लागतो तेवढाच वेळ." हे तुझे शब्द, आणि त्यांच्यावर विसंबून आमी बारशाला निघालो. (शहापूरला जाताना कोणी कमरेला पट्टा बांधत नाय, ते असो.) सिद्धगडाच्या पायथ्याशी विमान येत नाय, हे तू इतक्या लवकर विसरलास? अंधारात उठून मुरबाडला आलो, तर एसटी बंद पडलेली. दुसरीत उभ्याने कल्याण, पुढे टॅक्सी. विमानतळ दिसेपर्यंत तुझे पावणेदोन तास दोनदा उलटून गेले होते आणि आमी अजून आपल्याच मुलखात होतो.

आत वहिनीसाठी नेलेली तुपाची बरणी अडवली. पातळ पदार्थ चालत नाय म्हणे. मी बरणी उलटी करून दाखवली, थेंब पडला नाय. तपासणीवाला म्हणाला, "मावशी, वर गेल्यावर वितळलं तर?" भावजी म्हणाले, मग इथेच खाऊन संपवतो, आणि खरंच झाकण उघडायला लागले. मी त्यांना दंडाला धरून पुढे नेलं. घरच्या गाईचं तूप होतं. ज्याने खाल्लं असेल त्याला पचू नये.

विमानात दार लावलं आणि विमान जागचं हललं नाय. विमानांचीही रांग असते, हेसुद्धा तू बोलला नव्हतास. उडालं ते मात्र बरोबर पावणेदोन तास, तेवढं तुझं खरं. पण तुझं बंगळूर खाली दिसत असताना ते वरच घिरट्या घालत राहिलं. उतरलो, तर विमानतळ एकीकडे आणि तुझं घर दुसरीकडे. तू फोन केलास तेव्हा भावजी म्हणाले, "आभाळातून आलो रे, आता सिग्नलला अडकलोय."

दारात पोचलो तेव्हा लोक घुगऱ्या खात होते. वहिनीच्या मैत्रिणीने, त्या अक्षदाने, बाळाच्या कानात मनस्वी सांगून टाकलं होतं. तू म्हणालास, "मुहूर्त टळत होता ताई." अरे, कानात नाव सांगायचा मान आत्याचा. एकुलती भाची माझी, एकच आत्या तिची. मी पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, आणि तू मला घुगऱ्यांची वाटी दिलीस. तिथे चार लोक होते म्हणून गप्प बसले. इथे लोक नायत, म्हणून लिहिते. या जन्मी मी विमानात पाय ठेवणार नाय. भाची दाखवायची असेल तर तू घेऊन ये, आणि किती तास लागले ते मला सांगू नको.

तुझी रागावलेली ताई,
देवकी

ता. क. भावजी गावभर विमानाच्या गोष्टी सांगत फिरतायत. पहिल्या वाढदिवसाची आमची तिकिटं आत्ताच काढून ठेव, आदल्या दिवसाची. मला खिडकीशी बसव.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमी सगळे झोपला होता, बाळ जागं होतं. मी तिच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलंय, बाईजा. तिने माझं बोट घट्ट धरलं. पुढे मनस्वी म्हणून हाक मारल्यावर तिने वळून पाहिलं नाय, तर उगाच डॉक्टरकडे नेऊ नको.