बोथट, न गंजणारं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! अंबाजोगाईहून सकाळची एसटी, मांडीवर बॅग, बॅगेवर आईनं दिलेला लाडवांचा डबा, आणि शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेले. पण बजाजनगरात पोचले आणि सगळा शीण गेला. खोली झकास आहे. वर पत्रे नाहीत, स्लॅब आहे. खिडकीतून कडुनिंब दिसतो. नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणजे शहरातल्या लोकांच्या मानानं मी राणीच.

घरमालक कारभारीकाका वाळूजमधल्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. बायको साळूमावशी. मुलगी सोनिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, अगदी दिवस भरत आलेत, जावई चाकणला. त्यांची आतली खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. मावशींनी आल्याआल्या पिठलं-भाकरी वाढली आणि विचारलं, एवढं शिकून पोरगी करती तरी काय.

मी लगेच मास्तरीण झाले. सांगितलं, लोखंडी पत्रे जोडून टाक्या करतात, त्या जोडात आत भेग राहिली तर डोळ्यांना दिसत नाही. आमची एजन्सी किरणं सोडून त्या जोडाचा फोटो काढते, दवाखान्यात हाडाचा काढतात तसा. किरणं देणारी वस्तू बोटाएवढी असते, टोकाला किरणोत्सारी गोळी आणि मागं तारेची शेपटी. सगळे तिला पेन्सिल म्हणतात. ती एका जड पेटीत बंद असते, त्या पेटीला म्हणायचं कॅमेरा. हँडल फिरवलं की पेन्सिल नळीतून बाहेर जाते, उलटं फिरवलं की परत पेटीत. ती बाहेर उघडी राहिली तर ना वास, ना आवाज, ना चटका, पण माणूस मरू शकतो. ती उघडी राहू नये हे बघणारी बाई म्हणजे मी, सुरक्षा अधिकारी! मावशी म्हणाल्या, म्हंजी राखणदारच की, आमच्या यांच्यावानी. हसले मी, पण मनातून जरा लागलंच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काल सोनियाला मुलगी झाली. तीन किलोला जरा कमी, नाक आजीचं, आवाज आजोबांचा. आज घरी आणलीसुद्धा. मी शहागंजच्या बाजारात जाऊन टोपडं आणि झबली घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, भाची का. मी व्हय म्हणून टाकलं.

ऑफिसात नव्याचे नऊ दिवस चालू आहेत. मालक अभयसर गोड बोलतात. लक्ष्मणभाऊ अठरा वर्षं हे काम करतात, हर्सूलहून मोटारसायकलवर येतात आणि मला हेडबाई म्हणतात. मी भिंतीवर नियमांचे चार तक्ते लावले. त्यांनी ते वाचले, पान तोंडात सरकवलं आणि म्हणाले, कायकू टेन्शन लेते हेडबाई, हात को सब मालूम है. तक्ते मात्र काढू दिले नाहीत मी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज बाळाची पाचवी. सटवाईची पूजा झाली, मला पण घुगऱ्या मिळाल्या. मग पाळण्यात डोकावले तर काय, बाळाच्या उशीखाली धार लावलेला कोयता! मावशी म्हणाल्या, लोखंड लागतंच म्याडम, नाय तर बाहेरचं काय बी येतं लेकराजवळ. मी म्हटलं, बाहेरचं येईल तेव्हा येईल, आधी हे आतलंच लेकराचा कान कापेल. चांगलं पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. सोनिया तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी तह झाला. लोखंड राहील, पण बिनधारेचं. काकांनी कोयता काढून एक जाडजूड नट ठेवला.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, उमे, दुसऱ्याच्या घरात किती शहाणपणा करावा!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नटाचा गंज बाळाच्या दुपट्याला लागला. मी परत ओरडले. गंज म्हणजे धनुर्वात, काका! लोखंड ठेवायचंच तर बोथट ठेवा आणि न गंजणारं ठेवा. काकांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. म्हणाले, कंपनीत लई तुकडे पडलेले असत्यात, चांगला बघून आणतो. मावशी म्हणाल्या, म्याडम हाये म्हणून बरंय बाई, आम्हा अडाण्यांना कोण सांगणार. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

रविवार, १६ फेब्रुवारी

काकांच्याच कारखान्यात आज काम होतं. सुट्टी होती, आवार मोकळं होतं. दुपारपर्यंत चौदा जोड झाले. लक्ष्मणभाऊंना पुतणीच्या हळदीला जायचं होतं, त्यांचा जीव तिकडं.

जे घडलं ते लिहिते. शेवटचा फोटो झाल्यावर किरणं मोजणारं मीटर घेऊन नळीपासून पेटीपर्यंत चालत जायचं आणि पेन्सिल आत गेली याची खात्री करायची, हा नियम. मीटर शून्य दाखवत होतं. पेन्सिल पेटीत बंद असली तरी मीटर थोडं तरी बोलतंच. शून्य म्हणजे सेल गेलेले. मला हे कळलं होतं. लक्ष्मणभाऊ म्हणाले, हँडल पूर्ण फिरलं, हाताला कळतं, चला. मी कामाच्या नोंदवहीत वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला आणि सही ठोकली.

पहिलाच महिना आणि पहिलं खोटं. उद्या आधी सेल आणायचे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पेटी रिकामी आहे.

काल सेल आणायला अभयसरांनी वेळच दिला नाही. आज नवे सेल घातले, पेटीला मीटर लावलं, काटा हलेना. मला वाटलं मीटरच बिघडलं. लक्ष्मणभाऊंनी पेटी उघडून बघितली. पेन्सिलीची शेपटी धरणारा तारेचा आकडा झिजून तुटला होता. रविवारी हँडल फिरलं, तार परत आली, पेन्सिल नळीतच राहिली. नळी गुंडाळताना कुठंतरी पडली असणार.

दोन दिवस. उघड्यावर. आणि नोंदवहीत माझी सही.

नियम असा की या किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाला त्याच क्षणी कळवायचं. मी फोन उचलला तर अभयसरांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, आधी शोधू. लायसन्स गेलं तर सगळे रस्त्यावर, आणि सही तुमची आहे, आत तुम्ही जाल. कारखान्यातल्या कुणालाही विचारायचं नाही, वॉचमनला तर नाहीच, तासाभरात सगळ्या वाळूजभर होईल. दुपारभर आवारात मीटर घेऊन फिरलो. काही नाही.

 उद्या नाही सापडली तर मी कळवणारच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. बाहेर ढोल, भगवे झेंडे. कारखाना बंद. आम्ही भंगाराचे ढीग, गटार, रस्ता, सगळं पालथं घातलं. नाही.

काका गेटवरून बघत होते. चहा घेऊन आले आणि विचारलं, म्याडम, काय हरवलंय का? सांगा, मी बघतो, मला इथला खिळा न् खिळा ठाव हाये. मी म्हटलं, काही नाही काका, नुसती पाहणी आहे.

कळवलं नाही. सर म्हणाले, अजून एक दिवस.

घरी बाळ दूध ओढत नाही, ओकतंय. मावशींनाही मळमळतंय, सोनियाचं डोकं धरलंय. म्हणाल्या डिंकाचा लाडू जड झाला असंल. मलाही कालपासून अन्न नको वाटतंय. भीतीनंच.

गुरुवार, २० फेब्रुवारी, सकाळ

घराबाहेर, रस्त्यावर उभी राहून लिहिते.

काका बनियन काढून अंगणात आंघोळीला बसले होते. मावशींनी हाक मारली, म्याडम, यांना बघा काय चावलं. डाव्या छातीवर लाल चट्टा, दोन बोटांएवढा. किरणांनी भाजल्याच्या असल्याच कडा मी कोर्समध्ये फोटोत बघितल्या होत्या. शर्टाचा खिसा जिथं येतो, अगदी तिथं.

विचारलं, खिशात काय होतं. काका खूश झाले. म्हणाले, सोमवारी टाकीखाली घावलं, तुम्ही म्हणला व्हता तसंच, बोथट, न गंजणारं. दिवसभर खिशात ठिवलं आन् रातच्याला पाळण्यात.

पाळण्यात. उशीखाली. तांबड्या फडक्यात. सोमवारपासून.

देवा, मीच सांगितलं होतं.

गुरुवार, संध्याकाळ

सगळ्यांना ओढत बाहेर काढलं. मी काय ओरडत होते, मला आठवत नाही. बाळ माझ्याच हातात होतं. हलकं लागलं.

अभयसर आणि लक्ष्मणभाऊ शिशाचा डबा आणि लांब चिमटा घेऊन आले. तुटलेली पेन्सिल पेटीत बसत नाही, म्हणून डबा कारखान्यामागच्या खड्ड्यात ठेवला. वर झाकण आणि कुलूप. कुलपाची किल्ली नेहमीसारखी गेटवर.

मग सर काकांना म्हणाले, महागाची वस्तू होती, चोरीचा आळ आला असता, मॅडमनी तुमची नोकरी वाचवली. काका माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी मागं सरले. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. सर बघत होते. मी बंद केलं.

सर गाडीत म्हणाले, सापडली, विषय संपला. पोरांना होतात असे ताप.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाळ दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात जंतुसंसर्ग असावा. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या झपाट्यानं का उतरताहेत, कळत नाही म्हणाले. त्यांनी सगळ्यांना विचारलं, काही वेगळं झालं का घरात? काही औषध, फवारणी, काही?

मावशी नाय म्हणाल्या. सोनिया नाय म्हणाली.

माझ्याकडं पण बघितलं त्यांनी. मी खाली बघितलं.

त्यांना कळलं तर वेगळे उपचार आहेत. मोठ्या दवाखान्यात हलवता येईल. मला हे माहीत आहे. इथं एकट्या मला माहीत आहे. सांग ना उमे. सांग.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सोनियाची लेक रडतही नाही आता. नुसतं तोंड उघडते. ओठ आतून सोललेत.

अजून नाव ठेवलेलं नाही तिचं. बारसं राहिलं.

मावशींनी आज माझे हात धरले. म्हणाल्या, म्याडम, ते लोखंड उशीखालनं काढलं आन् लेकरू पार खाली गेलं. ते परत द्या. पाया पडते. तेवढं परत द्या.

मी म्हटलं, ते नाही मिळणार. का, ते नाही सांगितलं. नुसतं — मिळणार नाही —

त्या काकांकडं बघत राहिल्या. काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

दवाखान्यात. वॉर्डबाहेरच्या बाकावर. ठरलं. ही वहीच डॉक्टरांच्या हातात द्यायची, पहिल्या पानापासून. तोंडातून शब्द निघत नाहीत, पण वही देता येईल. मुंबईला फोन लावला होता, रविवार, कुणी उचलला नाही. परत लावते. अभयसरांचे अकरा फोन आले. घेतले नाहीत. होऊ दे काय व्हायचं ते.

डॉक्टर आत राउंडवर आहेत. दहा मिनिटं, सिस्टर म्हणाली. दारातून सगळा वॉर्ड दिसतो. चौदा पाळणे आहेत. सोनिया तिसऱ्याजवळ.

मावशी आत्ता येऊन बसल्या. आज चेहरा जरा उजळ आहे. मी विचारलं, काका कुठं. म्हणाल्या, सकाळच्या ड्युटीला गेले होते, निघालेत, येतीलच इतक्यात. म्हणाल्या, नोकरी गेली तर गेली म्हणले. तुम्ही नाय म्हणला तरी —

किल्ली गेटवर —

काकांना फोन लावतेय. बंद. परत. बंद.

मावशींना सांगितलं. ओरडले. ते विष आहे म्हटलं, त्यानंच झालंय हे सगळं. त्या ताडकन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मग तुम्ही तवा का नाय —

जिन्यावर पावलं. काकाच आहेत. धापा टाकताहेत, हसताहेत, हातात रुमालात काहीतरी — दुसऱ्या दारानं — ते दुसऱ्या दारानं आत चाललेत — काका, थां