थोडीशीच साखर

३ तारीख, सोमवार
ताप १०१. हिने मला मागच्या खोलीत कोंडलं, आईला लागण नको म्हणून. खिडकी उघडली की समोर भिंत. हरकत नाही, सक्तीची विश्रांती. संकल्प: चहा बिनसाखरेचा. उद्यापासून.

४ तारीख
डॉक्टर भाचीचा फोन. म्हणाली, मामा, साखर तपासा, तापात ती वाढते आणि मग छातीतला संसर्ग बळावतो. म्हटलं, मला कुठे साखर आहे? जेवणानंतर थोडीशी वर जाते, एवढंच. तरी मशीन पाठवलंच.

५ तारीख, सकाळ
३१२. मशीन बिघडलेलं आहे. एकतीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासतोय, खोटा काटा मला लांबून कळतो. खात्री करायला हिचं बोट दाराच्या फटीतून मागवलं. नवी सुई, ९६. म्हणजे मशीन बायकांचं कमी दाखवतं.

५ तारीख, दुपार
खोकला. औषध म्हणून मध मागितला, हिने एक चमचा दिला. पुरेना. ही आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघरातून बाटलीच आणली. आई कोचावर पडली होती. कोण रे, म्हणाली. म्हटलं, कोणी नाही. आणि तिच्या तोंडासमोरच खोकलो.
मध हा नैसर्गिक पदार्थ आहे. तो साखरेत मोजत नाहीत.

७ तारीख
बाथरूमपासून खाटेपर्यंत अकरा पावलं. तीनदा थांबलो. बोटाला लावायच्या चिमट्यात ऑक्सिजन ८९. भाची मास्क लावून स्वतः आली. तिला सांगितलं, सोमवारपासून पथ्य नक्की. ती म्हणाली, मामा, चपला घाला.

८ तारीख, हॉस्पिटल
ही खिडकी तर उघडतच नाही. नाकात नळी, दंडाला सलाईन, दाराला काच. साखर ४२६. डॉक्टरांना सुनावलं, तुमच्या स्टेरॉइडने वाढली. ते म्हणाले, त्याने वाढते हे खरं, पण तुम्ही आलात तेव्हाच ३८० होती. सडेतोड उत्तर तयार होतं. धाप लागली म्हणून दिलं नाही. वादात आपणच मोठेपणा दाखवावा.

९ तारीख
आईला ताप आल्याचं हिने फोनवर सांगितलं. कुठून आला कोणास ठाऊक, म्हणाली. मी खोकत राहिलो.

११ तारीख
आई उठून बसली, भूक लागली म्हणते. वय ब्याऐंशी, साखर नाही. व्हायरस तोच. हल्लीचे व्हायरस म्हाताऱ्यांना सवलत देत असावेत.
डॉक्टर म्हणाले, माझ्या छातीचा फोटो कालच्यापेक्षा वाईट आहे. यंत्रं सगळीकडेच जुनी.

१२ तारीख
मोठा मास्क. बोलता येत नाही. हिला गाऊन चढवून पाच मिनिटं आत सोडलं होतं, तेवढ्यात सिस्टरने विचारलं, काका, डायबेटिस कधीपासून? वही पुढे ओढली. लिहिलं: आत्ताच. सिस्टर म्हणाली, खरं लिहा हो, उपचार त्यावर ठरतात. खोडलं. लिहिलं: नऊ वर्षं.
हिच्याकडे बघायची हिंमत होईना.
ही म्हणाली, साडेनऊ. पहिला रिपोर्ट तुमच्या पँटच्या खिशात सापडला होता, भिजवायच्या आधी. म्हटलं सांगतील कधीतरी आपणहून.
खाली लिहिलं: मला भीती वाटतेय. वही फिरवेपर्यंत पाच मिनिटं संपली. काचेपलीकडे तिची पाठ दिसली.

१९ तारीख
मास्क निघाला. नळी आहे. अजून आठवडाभर तरी इथेच. इन्सुलिन आता घरीही, रोज. सिस्टर पोटावर टोचायला शिकवते.
हिला १२ तारखेचं ते पान दाखवलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाली, अक्षर किती बिघडलंय हो तुमचं.
मग स्टूल ओढून बसली. सिस्टर दोनदा वेळ संपली म्हणाली, तरी उठली नाही.