ज्यांना विचारलंच नाही

१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हटलं की तो मुद्दाम चढणार. माझ्यातर्फे एकदा ओरडा. मी बरी आहे. म्हणजे वैतागलेय, पण तब्येतीने बरी.

ऑनलाइन पदवीचे वर्ग कसे शिकवावेत, यावरच्या संशोधनाचा आढावा घेतेय. एकशे चाळीस शोधनिबंध वाचले. आधी सगळे रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांच्या मागे, मग गटचर्चेच्या. आणि प्रत्येक निबंधात विद्यार्थी खूश! इतके खूश विद्यार्थी मी तरी कधी पाहिले नाहीत. परवा डोक्यात प्रकाश पडला: प्रश्नावली भरून घेतात शेवटच्या आठवड्यात. तोवर जे सोडून गेले, त्यांना कोण विचारणार?

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, गेलेल्यांना शोधत बसलो तर अहवाल पुढच्या जन्मी होईल. सोमवारी सही करा." शिफारस अशी की थेट गटचर्चा सगळ्यांना सक्तीची. आधार माझाच, दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑनलाइन वर्गावर लिहिलेला निबंध: एक्क्याण्णव टक्के समाधानी. फार चिडले. आधी वाटलं, त्यांच्यावरच.

वहिनी, त्या वर्गात तुम्ही होतात. मीच मागे लागून नाव घालायला लावलं होतं. सहाव्या आठवड्यात सोडलंत आणि घरी म्हणालात, "मला नाही बाई झेपलं." मीही मान डोलावली.

दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवरून, दोन पेशंटांच्या मधे तुम्ही वर्गाला बसायचात, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी तुमची बोलायची पाळी आली, मागे ड्रिल सुरू झालं आणि मी तीस जणांसमोर म्हटलं, "हा काय बाजार आहे? शांत जागा नसेल तर येऊ नका." तुम्ही म्हणालात, "सॉरी मॅडम." घरी मला 'अगं पोरी' म्हणणाऱ्या तुम्ही! पुन्हा आला नाहीत.

तुमची नोंद मी 'अपूर्ण' म्हणून काढून टाकली. तुमच्यासकट एकवीस जणांची.

आज सही न करता अहवाल परत पाठवला. माझा निबंध आधाराला घेऊ नका, असं कारणासह लिहून दिलं. प्रमुख बोलत नाहीत. बढती यंदा विसरायची. एकवीस जणांना आता पत्रं लिहायची आहेत, प्रश्न एकच: का गेलात? पहिलं पत्र हे. तुमचं उत्तर मला माहीत आहे, तरी तुमच्या हाताने लिहा. हवं तेवढं झापा. मात्र दादाला तुम्ही काही सांगू नका. ते मी रविवारी येऊन सांगेन, तुमच्यासमोर. दोन वर्षं धीर झाला नाही.

चुकलेली,
तुमची नणंद