पुलाच्या मधल्या एक मीटर चाळीस सेंटिमीटरबाबत

दिनांक : ९ सप्टेंबर

प्रति,
मा. सचिव,
कॅन्टन-हद्द कक्ष, संघराज्य शासन,
साराएव्हो

विषय : स्तुदेनात्स ओढ्यावरील पादचारी पुलाचा मधला भाग कोणत्या शासनाचा, हे ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे सहा अर्ज. (उत्तर नाही, त्यामुळे जावक क्रमांक देता येत नाही.)

महोदय,

मी यान्या लोव्ह्रिच, वय ६८, विधवा, राहणार पोदब्रिये, वरचे कॅन्टन. माझी थोरली बहीण मांदा, वय ७७, हीसुद्धा विधवा, ओढ्यापलीकडे राहते. तिचे घर खालच्या कॅन्टनात, म्हणजे वेगळ्या सरकारच्या प्रांतात, येते. पुलावरून साठ पावले, रस्त्याने तेवीस किलोमीटर. आम्ही दोघी एकाच वर्षी विधवा झालो. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकत्र बसून जपमाळ म्हणण्याचे आमचे व्रत आहे. एकतीस वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही.

२. गेल्या वर्षीच्या पुरात पूल वाहून गेला. दोन्ही कॅन्टनांनी आपापल्या बाजूने तो पुन्हा बांधला, त्याबद्दल मी दोघांची ऋणी आहे. परंतु पुरात ओढ्याने पात्र बदलले आणि हद्द नेमकी कुठे, यावर एकमत झाले नाही. आपले लाकूड दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये म्हणून दोघेही अलीकडेच थांबले. मध्ये एक मीटर चाळीस सेंटिमीटर मोकळे राहिले आहे. उद्घाटने मात्र दोन्ही टोकांना झाली, फितीही कापल्या.

३. आमचा शेजारी रामिझ याने आपल्या गोठ्याचे जुने दार आणून त्या फटीवर टाकले. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचे निरीक्षक एकाच वेळी हजर झाले. वरचे म्हणाले, "आमच्या हद्दीत बेकायदा बांधकाम!" खालचे म्हणाले, "तुमच्या कसं? हे आमच्या हद्दीत बेकायदा आहे!" रामिझ म्हणाला, "साहेब, आधी हे बेकायदा कुणाचं ते ठरवा, मग उचलतो." अर्धा तास वाद झाल्यावर दोघांनी दाराचे एकेक टोक धरून ते उचलले. रामिझ मला म्हणाला, "मावशी, दोन्ही सरकारांनी मिळून केलेलं हे पहिलं काम!" पुढे कोणीही तेथे काही ठेवू नये, असा लेखी हुकूम दोघांनीही काढला आहे. मी तो पाळते.

४. खालच्या कॅन्टनात रीतसर चौकशी केली. तेथील विधानसभेने सरकारवर अविश्वास ठराव मंजूर केलेला असून नवे सरकार अद्याप बनलेले नाही. कारकून म्हणाला, "आजी, मंत्री आहेत, पण काळजीवाहू. कॉफी देतील, सही देणार नाहीत." त्यांनी कॉफी खरोखर दिली. परंतु तो शुक्रवार होता, व बुधवार-शुक्रवार मी पाणी-पावावर असते, म्हणून घेतली नाही. आमच्या कॅन्टनात फळी टाकण्याचा ठराव आला, तेव्हा तीन सदस्यांनी त्यामुळे आपल्या समाजाच्या मूलभूत हितास बाधा येते असे लिहून दिले. घटनेनुसार तेवढ्यानेच ठराव अडकला. कोणती बाधा, ते लिहिण्याची अट घटनेत नाही, हे मी पडताळून पाहिले.

५. होय महोदय, मी घटना वाचली. जपमाळेनंतर रोज एक कलम, असा नेम धरला होता. त्यातून एवढे समजले की जे अधिकार संघराज्याला स्पष्ट दिलेले नाहीत, ते कॅन्टनांचे. आमची फट संघराज्याच्या यादीत नाही, म्हणजे ती कॅन्टनांची. पण दोन्ही कॅन्टनांनी ती आपली नसल्याचे लेखी कळवले आहे. जे कुणाचेच नाही ते कुणाचे, हे मी शेवटच्या कलमापर्यंत शोधले. आमचे धर्मगुरू फ्रा बोनो म्हणतात, "यान्याबाई, जे कुणाचंच नाही ते देवाचं." हे मला मान्य आहे. संत योसेफ स्वतः सुतार होते, त्यांनाही साकडे घातले. परंतु बांधकाम परवाना त्यांच्या हातात नाही.

६. तूर्त आम्ही दोघी पुलाच्या दोन तुटक्या टोकांवर खुर्च्या टाकून बसतो. अर्धी प्रार्थना मी ओरडते, अर्धी ती. मला ओरडण्याची सवय नाही. मांदाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे ती मधूनच म्हणते, "अगं यान्ये, कितवा मणी?" आणि दोन्ही काठांवर ऐकायला जमलेले लोक मोजून सांगतात. सूप मी काठीला डबा बांधून पोचवते. त्यातले बरेच ओढ्यात सांडते, म्हणजे कोणत्या कॅन्टनात, हे मला सांगता येणार नाही.

७. महोदय, ऑक्टोबरात पाऊस लागला की ओढ्याच्या आवाजात तिला माझे काहीच ऐकू येणार नाही. वसंतात ती पडली, तेव्हापासून खुर्चीपर्यंत येते तेच पुष्कळ. एकतीस वर्षांचे व्रत मोडेल, आणि त्याहून म्हणजे माझी मांदा त्या काठावर एकटी राहील.

८. म्हणून मी दुसरा मार्ग शोधला आहे. हुकुमात वस्तू ठेवण्यास मनाई आहे. उडी ही वस्तू नाही. बांधकाम कायद्यातही उडीचा उल्लेख सापडला नाही. अंगणात खडूच्या दोन रेघा ओढून मी रोज सकाळी प्रार्थनेनंतर सराव करते. आजवरची सर्वांत लांब उडी पंचाण्णव सेंटिमीटर आहे. (बुधवारी व शुक्रवारी ऐंशी.)

तरी हद्दीचा निर्णय यथावकाश व्हावा. तोवर उरलेले पंचेचाळीस सेंटिमीटर आपल्या अधिकारात मंजूर करावेत, ही नम्र विनंती. ते कोणत्या बाजूने द्यावेत, याबद्दल माझा आग्रह नाही. पाऊस सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र, मंजुरी आली न आली तरी, मी उडी मारणार आहे.

आपल्यासाठी रोज एक मणी राखून ठेवणारी,
यान्या लोव्ह्रिच
(सही)

सोबत :
१. दोन्ही कॅन्टनांचे मनाई हुकूम, एकाच तारखेचे.
२. फटीचा नकाशा, हाताने काढलेला.
३. उजवा गुडघा उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला. (डाव्याबाबत त्यांनी काही लिहिलेले नाही.)