बुधवारचं जेवण बाहेर

१ एप्रिल, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. निदान महत्त्वाच्या दिवशी तरी.

बातमी पक्की आहे. तीस जूननंतर माहितीपुस्तिका विभागात दोनाऐवजी एकच माणूस ठेवणार. दोन म्हणजे मी आणि तळटीप. आमची कंपनी पंखे, मिक्सर, वॉशिंग मशीन बनवते. त्या खोक्यात जी पुस्तिका असते, आणि जी लोक न उघडता खोक्याबरोबर माळ्यावर टाकतात, ती आम्ही लिहितो. एकोणीस वर्षं झाली. पहिलं पान, 'इशारा', माझं. शेवटचं, 'बिघाड आणि उपाय', त्याचं. तळटीप हे नाव मीच ठेवलंय. बोलतो बारीक आवाजात, थोडकं, आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर. बायको गेल्यापासून तेवढंही नाही. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून ठेवतो. टेबलाला टेबल लागून असताना.

कोणाला ठेवायचं ते नव्या मॅडम ठरवणार. मला काळजी नाही. तरी बाहेर चाचपून ठेवलेलं बरं.

हिला सांगितलेलं नाही. तिला ताण नको. ब्लडप्रेशर मला आहे, पण ताण तिला नको.

२ एप्रिल, मंगळवार
डॉक्टरांकडे दीड तास बसलो. मासिकात लेख सापडला. दर आठवड्याला एका वेगळ्या क्षेत्रातल्या इंटरेस्टिंग प्रोफेशनलला जेवायला भेटा, बारा आठवड्यांत तुमचं नेटवर्क तयार. नोकऱ्या जाहिरातीतून मिळत नाहीत, ओळखीतून मिळतात, असंही लिहिलंय. आमचे वडील हेच सांगायचे. पण ते नुसतं 'ओळखी' म्हणायचे, 'नेटवर्क' म्हणायचे नाहीत, म्हणून लक्ष दिलं नाही.

पान फाडून आणलं. फाडताना मोठ्याने खोकलो. रिसेप्शनिस्टने मला आधी आत पाठवलं. दुहेरी फायदा.

संभाषण सुरू करायला लेखात एक हुकमी प्रश्न दिलाय: तुम्ही या क्षेत्रात कसे आलात? पाठ केला.

वार ठरवला, बुधवार. बुधवारी मॅडम आमच्या मजल्यावर असतात आणि कॅन्टीनमध्ये आमच्याच टेबलाशी जेवायला बसतात. त्यांच्यासमोर घास उतरत नाही. तेही टळेल.

अडचण डब्याची. ही रोज डबा देते. बुधवारी नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल. तोडगा काढला. बुधवारचा डबा तळटीपला द्यायचा. तो नाहीतरी बिस्किटांवर दिवस काढतो. परोपकारही झाला.

४ एप्रिल, गुरुवार
कालचा बुधवार तयारीत गेला. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, शंभर. 'तांत्रिक लेखन तज्ज्ञ'. समोरच्याची कार्डं ठेवायला आल्बम घेतला, साठ कप्प्यांचा. मोठा होता एकशेवीसचा, पण मी वास्तववादी आहे.

१० एप्रिल, बुधवार
लंच क्रमांक एक. आर्किटेक्ट बाई. मेहुण्याच्या ओळखीच्या. विचारलं, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? म्हणाल्या, वडिलांचं ऑफिस होतं. झालं. एका वाक्यात क्षेत्र संपलं, आणि अजून सूपही आलं नव्हतं. पुढची पन्नास मिनिटं मी त्यांना मिक्सरचं झाकण न लावता बटण दाबल्यास काय होतं ते सांगितलं. लक्षपूर्वक ऐकत होत्या. मधूनमधून घड्याळात बघून वेळेची नोंदही घेत होत्या.

कार्ड मिळालं. कप्पा एक भरला.

११ एप्रिल, गुरुवार
दोन गोष्टी. एक, डबा काल घासून परत आला. तळटीपचे उद्योग. मी एकोणीस वर्षांत कधी डबा घासलेला नाही. हिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. बायकांचं अशा बारीक गोष्टींकडे लक्ष नसतं.

दोन, शर्टाच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी. हिची सवयच आहे, सामानाची यादी खिशात सारायची. आधी नेटवर्क, मग कांदे. चिठ्ठी आल्बमच्या शेवटच्या कप्प्यात सरकवली.

१७ एप्रिल, बुधवार
डेंटिस्ट. फार इंटरेस्टिंग माणूस. मी खात असताना सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. इतकं लक्ष देऊन आजवर माझं कोणी ऐकलेलं नाही. शेवटी म्हणाला, डावीकडची खालची दाढ जाणार. मंगळवारची वेळ दिली. लेखात याला फॉलो-अप म्हटलंय.

२३ एप्रिल, मंगळवार
फॉलो-अप झाला. दाढ गेली.

२४ एप्रिल, बुधवार
गाल सुजलाय. तरी डबा तळटीपला दिला आणि बाहेर जाऊन बाकावर बसलो. सवय मोडता कामा नये. हिने गेल्या गुरुवारीही खिशात यादी ठेवली होती, ती आज सापडली. नंतर बघतो. आल्बम.

८ मे, बुधवार
लिफ्ट इन्स्पेक्टर. पाऊण तास उशिरा आला, कारण पाच मजले जिन्याने. का ते विचारायला नको होतं. परतल्यावर मीही जिन्याने. आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर. गुडघे बोलायला लागले. या वयात नवीन ओळखी करायच्या म्हणजे अंगमेहनतीचं काम आहे, हे लेखात कुठेही लिहिलेलं नाही. इशारा पहिल्या पानावर असायला हवा.

वर आलो तर तळटीप माझ्या टेबलाशी उभा. घसा खाकरला. नेमका मी पुढच्या बुधवारसाठी हवामान खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन लावत होतो. एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. बावीस मिनिटांनी बोट खाली घेतलं तेव्हा तो जागेवर जाऊन लिहीत बसला होता. नेहमीचंच.

९ मे, गुरुवार
पुन्हा खिशात यादी. घरात एवढं सामान लागतं कशाला?

डब्यातही बुधवारी भाजी जास्त असते असं तळटीपच्या चेहऱ्यावरून वाटतं. गाल भरलेत त्याचे. एक कप्पा वाढलाय डब्याचा. लोणचंही दोन जणांना पुरेल इतकं. हिचा हात सैल सुटलाय.

१५ मे, बुधवार
निघताना हिने आज दारात थांबवलं. म्हणाली, आज डबा तिथेच खा, स्वतः खा. मी म्हणालो, मग रोज काय करतो? ती माझ्याकडे बघत राहिली.

दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट, थोडं सेंट. संशय आला असावा. या वयात. मन जरा सुखावलं.

हवामान अधिकारी आले नाहीत. अचानक काम निघालं म्हणे. ज्यांना उद्याचं आज कळतं त्यांचंही अचानक निघतं. दोघांच्या टेबलावर एकटा जेवलो. वेटरने समोरची खुर्ची उचलून नेली. त्यालाच कार्ड दिलं.

२९ मे, बुधवार
आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

बँकेतले सीनियर मॅनेजर. सूट. मी विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनीच विचारलं, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात? तोच प्रश्न. तेच शब्द. मी विचारलं, मासिक कुठे वाचलं? म्हणाले, कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांचा विभाग ऑगस्टमध्ये बंद होतोय. घरी सांगितलेलं नाही. माझा नववा लंच आहे म्हणाले, आणि रुमालाने कपाळ पुसलं.

माणूस चांगला होता. निघताना एकमेकांना कार्डं दिली. उठताना दोघांनाही टेबलाचा आधार घ्यावा लागला.

त्यांची केस वेगळी आहे. त्यांच्याकडे 'इशारा'सारखं स्पेशलायझेशन नाही.

३० मे, गुरुवार
खिशात यादी. हिच्याशी एकदा बोलायला हवं. पण बोलायला बसलो तर बाकीचंही बोलावं लागेल.

१२ जून, बुधवार
आज कोणी मिळालं नाही. ओळखीच्यांच्या ओळखीचेही संपले. बागेत बाकावर बसून पाव खाल्ला. एक निवृत्त गृहस्थ शेजारी होते. विचारलं, या क्षेत्रात कसे आलात? म्हणाले, घरात बसवत नाही.

दमलोय. हे कोणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहितो. घरचा डबा आठवला. दोन महिने झाले, बुधवारी काय असतं ते मला ठाऊक नाही.

२० जून, गुरुवार
काल पुन्हा बाग. तळटीपने सांगितलं, म्हणजे डबा परत देताना ओठ हलवले, की मॅडम. एवढंच ऐकू आलं. तो आणि मॅडम दर बुधवारी समोरासमोर बसून जेवतात हे मला दिसत नाही असं नाही. माझ्याच डब्यावर तो स्वतःचं घोडं पुढे दामटतोय. दामटू दे. कॅन्टीनमध्ये नेटवर्क होत नसतं.

खिशात यादी. पाचवी. आल्बम.

२६ जून, बुधवार. दुपारी चार
अकरा वाजता मॅडमनी बोलावलं. हसून म्हणाल्या, तुमच्यासारख्या माणसाला अडकवून ठेवणं बरं दिसत नाही. मी म्हणालो, अडकवा. त्यांना तो विनोद वाटला. म्हणाल्या, दर बुधवारी बाहेर मीटिंगा, आम्ही समजून होतो, तुमचं दुसरीकडे चांगलं ठरत आलंय. कुठे ते विचारत नाही. दोघांपैकी निवडणं फार जड जात होतं, तुम्हीच ते सोपं केलंत. तळटीपला कुठे कोण घेणार, म्हणून त्याला ठेवलं.

त्या क्षणी सांगता आलं असतं की कुठेही ठरलेलं नाही. मी म्हणालो, अजून फायनल नाही. म्हणाल्या, किती विनयशील आहात.

दारात थांबवून म्हणाल्या, मिसेसना सांगा, त्यांच्या लोणच्यासाठी मी बुधवारची वाट बघायचे.

बाहेर येऊन तळटीपवर ओरडलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, हे सगळं दिसत होतं तर मला सांगायला काय झालं होतं? तो उठून उभा राहिला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला की लिहिलं होतं. पाच वेळा. डब्याच्या झाकणात.

संध्याकाळी साडेसहा
आल्बम उघडला. कार्डं चार. चिठ्ठ्या पाच. तळटीपचं बारीक, सरळ अक्षर.

एक: डबा उत्तम. वहिनींना धन्यवाद सांगा. मॅडमनी लोणचं मागून घेतलं.

दोन: डबा कोणाचा असं मॅडमनी विचारलं. तुमचा म्हणून सांगितलं. तुमच्याशी बोलायचं म्हणतात. येत्या बुधवारी थांबा.

तीन: आज पुन्हा विचारलं. तुमचे 'इशारे' त्यांनी सगळे वाचलेत. आवडलेत. थांबा.

चार: त्यांना वाटतं तुमचं बाहेर ठरलंय. नाही असं मी सांगितलं, पण माझा आवाज पोचत नाही. एकालाच ठेवणार आहेत. तुम्ही स्वतः सांगा.

पाच: पुढच्या बुधवारी निर्णय. त्याआधी भेटा. हा इशारा समजा.

माझे इशारे कोणीतरी वाचले होते.

हिने डबा उघडताना प्रत्येक चिठ्ठी वाचली आणि सकाळी माझ्या खिशात ठेवली. मॅडमचं तिला दुसऱ्या बुधवारपासून ठाऊक होतं, नोकरीचं चौथ्या चिठ्ठीपासून. मॅडमसाठी म्हणून लोणचं जास्त, भाजी जास्त. मी बाहेर ओळखी करत हिंडत होतो आणि ही घरबसल्या माझी नोकरी वाचवत होती. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. डबा दुसऱ्याला दिलात त्याचं काही नाही. मला सांगितलं नाहीत, त्याचं वाईट वाटलं.



३ जुलै, बुधवार
घरी तिसरा दिवस. बारा वाजता हिने मोठा डबा हातात दिला. तळटीप पुन्हा बिस्किटांवर आला असेल, जाऊन या म्हणाली. आणि या वेळी खाऊन या.

गेटवर वॉचमनने सलाम केला आणि रजिस्टर पुढे केलं. माझा इलाज नाही म्हणाला, बिचारा ओशाळला होता. नाव लिहिलं. कुठून आलात: घरून. कोणाला भेटायचं: तळटीपचं खरं नाव लिहिलं, आठवावं लागलं. भेटीचं कारण: जेवण.

लिफ्टने गेलो. होईल ते होईल.

नेहमीचं टेबल. मॅडम होत्या. घास उतरला. त्यांनी नव्या जागेबद्दल विचारलं. सांगितलं, नवी जागा नाही, कधीच नव्हती, बुधवारी बागेत बसून पाव खायचो. त्यांचा हात लोणच्यावर थांबला. म्हणाल्या, मग आधी सांगायचं होतं. हळू म्हणाल्या, रागाने नाही. आता सगळं वर कळवून झालंय. तळटीप ताटाकडे बघत होता. मी त्याला आणखी भाजी वाढली.

आपल्या बायकोच्या हातचं बुधवारचं जेवण इतकं चांगलं असतं हे लोकांकडून कळावं, याची लाज वाटली.

डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती. या खेपेला तिथल्या तिथे उघडली. दोनदा वाचली. हिचं अक्षर. कांदे, बटाटे, काडेपेटी, भांड्यांचा साबण.

येताना सगळं आणलं. साबण विसरलो. डबा मी नुसत्या पाण्याने घासला.