फ्रीजवाल्यांचा पाडा

राजकोट

प्रिय बाबा,

हे तुझ्या लेकीकडून, हेमालीकडून वाचून घे, पण दार लोटून. फोन केला की तू स्पीकर लावतोस, नि चिंधूकाका पहिला बोलतो, "काय साहेब, कधी येताय?" मग माझं सांगायचं राहूनच जातं.

सर्व्हेवाले परत येणार, असं हेमाली म्हणाली. मागच्या खेपेला मी घरीच होतो. कुठला पाडा जास्त गरीब, ते बघायला ती बाई आली होती. तिनं विचारलं, फ्रीज आहे? आई केवढ्या खुशीत बोलली, "हाय ना! पोरानं आणला." पडघ्याच्या गोडाऊनमध्ये मी हमाली करायचो, तिथला पोचे पडलेला, बिघडलेला माल आम्हा पोरांना स्वस्तात मिळायचा. म्हणून पाड्यात घरोघरी फ्रीज. थंड एकही करत न्हाय. आई त्यात तांदूळ ठेवायची, उंदीर शिरत न्हाईत म्हणून. पण ते बाईला कोण सांगणार? पाहुण्यापुढं घरातलं उणं कुणी काढतं का? महादूनं तर फडक्यानं पुसून दाखवला त्याचा.

वरच्या पाड्यानं न्हाय ते न्हाय म्हणून सांगितलं. ते गरीब निघाले, आपण बरे निघालो. सरकारचा नळ तिकडं गेला. चिंधूकाका बोलला, "त्यांना पाणी, आपल्याला मान!" सगळे हसलो. आईपण हसली, नि हंडा उचलून विहिरीवर गेली.

त्याच उन्हाळ्यात ती विहिरीच्या पायरीवरून घसरली, ती उठलीच न्हाय. राग कुणावर काढू? बाईनं दिसलं ते लिहिलं. आईपण खोटं बोलली न्हाय. आता त्याच पायऱ्या हेमाली उतरते. फोन उचलते तेव्हा तिला धाप लागलेली असते.

या वेळी फ्रीज उघडून दाखव. मग ते विचारतील, घरात कमावतं कोण? तू छाती काढून सांगशील, पोरगा राजकोटला कंपनीत हाय, पर्मनंट. ते सांगू नकोस बाबा. कंपनी दिवाळीतच बंद झाली. मी नाक्यावर उभा राहतो. कुणी हाक मारली तर काम, न्हायतर परत खोलीवर. पाड्यात तुझी मान खाली जाईल म्हणून बोललो न्हाय. आता तूच सांग, पोराला काम न्हाय म्हणून. चिंधूकाका दारात उभा असला तरी, मोठ्यानं सांग.

तुझाच पोरगा,
हरेश